माणसांच्या वजनाची पोती

३ फेब्रुवारी, सोमवार

पोहोचले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा अंगाचा नुसता खुळखुळा झाला होता, पण समोर बघितलं आणि शीण कुठल्या कुठे पळाला. गाव एवढंसं, एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वसलेलं. रस्ता संपतो तिथे जंगल सुरू होतं. मध्ये कुंपण नाही. शेवटच्या घराच्या परसातली झाडं कुठली आणि जंगलातली कुठली, देव जाणे.

माझी खोली ऑफिसच्या वर आहे. लोखंडी कॉट, एक डुगडुगतं टेबल, भिंतीला खुंट्या आणि खिडकी. मालकीणबाई स्वतः जीप घेऊन बसथांब्यावर आल्या होत्या. त्यांचा आवाज असा, की जीपला हॉर्न कशाला बसवलाय हा प्रश्न पडावा. खिडकीची कडी आठवणीने लावायची, माकडं कपडे पळवतात, असं त्यांनी तीनतीनदा बजावलं.

काम मनासारखं मिळालंय. दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या साहसी सहली आखायच्या. शहरात मी लग्नं आखत होते, तेव्हा ही वाट फार वेगळी नाही. तिथेही मंडळी जमायची, दमायची आणि एकमेकांवर चिडायची. माझी पद्धत तीच ठेवणार आहे. कुठलाही बेत आधी स्वतः करून बघायचा, अगदी रंगीत तालीम. लग्नात नवरीच्या जागी मी, नवऱ्याच्या जागी मी आणि रुसलेल्या आत्याच्या जागीही मीच उभी राहायचे. त्यांच्या आवाजात बोलायचे. सगळे हसायचे, पण मी आखलेल्या लग्नात कधी घोटाळा झाला नाही.

घरी ठरलंय ते असं. शनिवारी, पंधरा तारखेला, आमची स्वारी, सासूबाई आणि लेक भिंगरी दोन दिवसांसाठी इथे येणार. त्यांना गाव मानवलं तर शाळा संपल्यावर सगळ्यांनीच इकडे यायचं. नाही मानवलं तर मी गाशा गुंडाळून परत जायचं. स्वारी तयार आहे, भिंगरीला जंगल म्हणजे खेळणं वाटतंय. राहता राहिल्या सासूबाई. म्हणजे सगळंच राहिलं.

लिहिताना मी पुटपुटते, ही जुनी खोड इथेही आली आहे. स्वारी नेहमी चिडवते की हिची रोजनिशी चोरून वाचायची गरजच नाही, दाराला कान लावला की भागतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जंगलात जाऊन सगळं पाहिलं. गावाबाहेर एक लाकडी मचाण आहे. तिथून दरीवरून लोखंडी तार पलीकडच्या टेकडीवर गेली आहे. कमरेला पट्टे बांधायचे, तारेला अडकवायचं आणि सुळ्ळकन पलीकडे जायचं. पलीकडे एक झोपडी, तिच्यापुढे लांबलचक बाक. ज्यांना तारेची भीती वाटते त्यांच्यासाठी पायवाट आहे. ती खालच्या बसथांब्यापासून निघते, जंगलातून वळणं घेत त्याच झोपडीशी येते. झोपडीत अडीअडचणीसाठी एक मोबाइल साखळीने बांधून ठेवलाय. मालकीणबाई म्हणाल्या, साखळी नसती तर माकडांनी जगभर फोन लावले असते.

तारेचं सगळं काम दोरवाला बघतो. पन्नाशीचा गडी, बोलण्यात कंजूष. त्यांची एक रीत मला फार आवडली. कुठलंही कुटुंब येण्याआधी प्रत्येकाचं वजन विचारून घ्यायचं, तितक्या वजनाचं वाळूचं पोतं भरायचं आणि माणसाच्या आधी ते तारेवरून पाठवायचं. पोतं नीट गेलं की माणूस नीट जाणार. म्हणजे तालीमच की! मला वाटलं, मी योग्य घरात पडले.

दोन नियम आहेत. पोत्यावर खडूने फक्त वजन लिहायचं, नाव लिहायचं नाही, घ्यायचंही नाही. आणि पलीकडे पोहोचलेलं पोतं उजेड असेपर्यंत रिकामं करायचं, वाळू तिथल्या खड्ड्यात ओतायची, पोतं उलटं करून वाळत घालायचं. कारण विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, वाळू दमट होते आणि वजन चुकतं. जुन्या मालकाने तारेबरोबर हे नियमही दिले, त्यांनी घेतले. दोरवाल्याला विचारलं तर त्याने दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऑफिसच्या जिन्यात बसून घरी फोन केला. रेंज फक्त तिथे, मचाणावर, पायवाटेच्या एखाद-दुसऱ्या वळणावर आणि पलीकडे झोपडीपाशी येते. सगळ्यांची वजनं हवी होती. स्वारीने स्वतःचं वजन सांगताना इतका घसा खाकरला की मी मनातल्या मनात चार किलो वाढवून घेतले. सासूबाई म्हणाल्या, मी काही बोलत नाही, पण सुनेने सासूचं वजन विचारावं असे दिवस आलेत. मग पन्नास लिही म्हणाल्या. मागून स्वारी ओरडली की हे पन्नास लग्नातले.

भिंगरीला पूर्ण बेत ऐकायचा होता. कुठलीही गोष्ट सांगा, ती दर वाक्यानंतर ‘आणि मग?’ विचारते. आधी बसमधून उतरायचं. आणि मग? मग तारेवरून उडत जायचं. आणि मग? मग झोपडीपुढे बाकावर ओळीने बसायचं आणि डोळे मिटायचे. आणि मग? तिथे मी थांबले. पुढचं गुपित आहे म्हटलं. ती इतकी रुसली की फोन ठेवताना बोललीच नाही. मी आल्यापासून ती वाढली आहे असं मला वाटतं. चार दिवसांत कोण वाढतं? पण वाटतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सोमवारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून आज तालीम केली. दोरवाल्याची दाढ सुजली, तो दवाखान्यात गेला. पोती काय, मलाही भरता येतात. मालकीणबाईंनी जीपने मचाणावर सोडलं. परतताना त्या मागच्या रस्त्याने झोपडीपाशी येऊन मला घेणार होत्या.

फावड्याने वाळू भरता भरता पाठ मोडली, पण मजा आली. चार पोती भरली. मीही त्यांच्याबरोबर जाणार, तेव्हा नियमाने माझंही एक. मचाणावरच्या कप्पीने एकेक उचलून तारेला लावलं. आधी सासूबाई, मग स्वारी, मग भिंगरी, शेवटी मी. नुसता आकडा लिहून मला तालीम जमेना, म्हणून खडूने नावं लिहिली. भिंगरीच्या पोत्याची मान दोरीने आवळल्यावर ते इतकं केविलवाणं दिसायला लागलं, की पर्समध्ये तिचा पिवळा हेअरबँड होता तो त्यावर चढवला.

मग मी स्वतः गेले. पलीकडे चारही पोती बाकापाशी ढकलत आणली आणि पूर्ण बेत त्यांच्या आवाजात बोलून पाहिला. सासूबाईंचं ‘मी काही बोलत नाही हंऽ’ मी नाकातून काढते. खऱ्या सासूबाई नाकात बोलत नाहीत, पण त्याशिवाय गंमत येत नाही. स्वारीचं घसा खाकरणं. भिंगरीचं ‘आणि मऽग?’ हे मी लांबवते, ती तुटक म्हणते. आणि मी, मी. पायवाट कुठे निसरडी आहे, कुठे कुणाचा हात धरायचा, सासूबाई दमल्या तर कुठे बसवायचं, सगळं बोलले. शेवटी सगळ्यांना बाकापाशी आणून म्हटलं, आता ओळीने बसा. डोळे मिटा. आता आपण सगळे इथेच राहायचं.

हे वाक्य म्हणताना मी रडलेच. पोत्यांपुढे रडणारी बाई जगात मी पहिलीच असेन.

एवढ्यात जीपचा हॉर्न वाजला आणि तालीम तिथेच तुटली. मालकीणबाईंना घाई होती, खालच्या वळणावर धुकं चढत होतं. पोती रिकामी करायची राहिली. त्यांनी विचारलं, मी झाली म्हटलं. चार पोती उपसायला अंगात त्राणच नव्हतं. उद्या सकाळी जाऊन करते. वाळू काही पळून जात नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दोरवाल्याबरोबर गेले. वाटेत त्याला खरं सांगितलं. त्याचा गाल सुजलेला होता, त्यामुळे तो रागावला की नाही ते कळलं नाही.

चारही पोती बाकावर होती. खाली नव्हे, बाकावर. ओळीने. आणि रिकामी.

मी आधी माकडं म्हटलं. पण गाठी जशाच्या तशा होत्या, मीच मारलेल्या, माझ्या वेड्यावाकड्या गाठी. एकही पोतं फाटलेलं नाही. जमिनीवर वाळूचा कण नाही. दोरवाल्याने गाठ सोडून एक पोतं उलटं केलं. आतून कोरडं होतं, झटकल्यासारखं. हेअरबँड मिळाला नाही. मी बाकाखाली, झोपडीमागे, खड्ड्यात सगळीकडे शोधला.

त्याने नावं वाचली. कोणाची म्हणून विचारलं. मग विचारलं की त्यांच्याशी बोललात का. मी हो म्हटलं. तो पोत्यांच्या घड्या घालत बसला. शेवटी म्हणाला, सहल पुढे ढकला, निदान या मोसमात नको. जुन्या मालकाच्या वेळी एकदा अशीच पोती राहिली होती. ते कुटुंब आलंच नाही, ऐनवेळी रद्द केलं. तरी पायवाटेवर ते कुटुंब त्याने पाहिलंय. नंतरही बऱ्याचदा.

मालकीणबाईंना सांगितलं तर हसून लोळल्या. दाढेच्या गोळ्यांनी त्याला भ्रम होतात म्हणाल्या. मीही हसले. हसायला बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पायवाटेवर बाणांच्या पाट्या ठोकायला गेले होते. भर दुपार. ऊन झाडांतून खालपर्यंत येत होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

सवयीने पुटपुटत होते. इथे पाटी, मग वळण. मागून कोणीतरी विचारलं, आणि मग?

मला भिंगरीची आठवण येते आहे, दुसरं काही नाही, असं स्वतःला बजावलं. पुढची पाटी ठोकली. मग डाव्या बाजूने, झाडांआडून सासूबाई म्हणाल्या की त्या काही बोलत नाहीत. पाठोपाठ कोणीतरी घसा खाकरला.

हातोडा तिथेच टाकून मी धावत आले. पळताना नाही, खोलीत येऊन कडी लावल्यावर लक्षात आलं. ‘हं’ नाकातून आला होता. ‘मग’ लांबवलेला होता. तो माझ्या माणसांचा आवाज नाही. मी काढते तो त्यांचा आवाज आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मचाणावर गेले. एकटी नाही, दोरवाला होता.

पलीकडे टेकडीवर ओळीने चौघं चालत होते. जड चाल. पाऊल उचलत नाहीत, सरकवतात. सगळ्यात लहान होतं त्याच्या डोक्यावर पिवळं काहीतरी. सगळ्यात पुढे बाई. हात हलवून हलवून काहीतरी दाखवत होती. इथे निसरडं. इथे हात धरा.

मी अशीच हात हलवते.

दोरवाला बघत नव्हता. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

तिथूनच स्वारीला फोन केला. येऊ नका. कारण काय सांगू? तार नादुरुस्त आहे म्हटलं. तो म्हणाला, तार नको, पायवाटेने जाऊ, भिंगरीने दोन दिवसांपासून बॅग भरून ठेवली आहे. मी ओरडले. तो दुखावला. तुलाच आम्ही तिथे नको असू तर तसं सांग म्हणाला. बरं, नाही येत म्हणाला. मला रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. त्याचा राग मी नंतर काढेन. जन्मभर पडला आहे त्याला.

उद्या राजीनामा देते. परवा घरी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकीणबाई चिडल्या, मग मऊ झाल्या. राजीनामा ठेवून घेतला. बॅग भरली. जिन्यात बसून घरी फोन केला. भिंगरीची समजूत काढायची होती.

स्वारीचा मोबाइल भिंगरीनेच उचलला. धापा टाकत होती. पाचोळ्याचा आवाज येत होता. कुठे आहेस म्हटलं.

जंगलात, म्हणाली.

काल संध्याकाळी मी पुन्हा फोन केला होता म्हणे. तार दुरुस्त झाली, उद्याच या, एक दिवस आधीच या, गावात नको, खालच्या थांब्यावर उतरा, मी घ्यायला येते. वेगळा नंबर होता. झोपडीतला. त्या साखळीच्या फोनवरून मी—

मी नाही.

मग तिने विचारलं. आई, तू तर पुढे चालली आहेस, मग फोनवर कशी?

बाबाला दे म्हटलं. बाबा मागे आहे, आजीचा हात धरून, त्याच्याकडे सामान आहे. थांबा म्हटलं, एक पाऊल पुढे टाकू नका, मागे पळा. ती म्हणाली, पण तू चला म्हणतेस. आणि हळूच म्हणाली, आई, आज तू मागे वळून बघतच नाहीस. रागावलीस का?

फोन तुटला. पुन्हा लागत नाही.

१४, दुपार

मचाणावर. जीप मागच्या रस्त्याने नेली, झाड आडवं पडलंय. मालकीणबाई तिथून पायी निघाल्या. तारेने जाणं सगळ्यात जवळ. पट्टे कपाटात, कपाटाला कुलूप, दोरवाला किल्ली आणायला धावलाय. हातांना काम हवं, नाहीतर मी अशीच उडी टाकेन. म्हणून लिहितेय.

ते पोहोचले. दिसताहेत. माझी माणसं. स्वारीचा निळा शर्ट. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. भिंगरी उड्या मारतेय. जिवंत, हसरी, माझी. किती ओरडले, दरी सगळा आवाज गिळते.

ती त्यांना बाकावर बसवतेय. ओळीने.

झोपडीच्या दारात आणखी तिघं. उभे. वाट बघत.

त्यांनी डोळे मिटले—

फोन वाजला. झोपडीतला नंबर. उचलला. लहान आवाज. आणि मऽग?

लांबवलेला. भिंगरी नाही. ती बाकावर आहे. हे दारातलं, पिवळ्या हेअरबँडचं. पुन्हा विचारतेय. आणि मऽग?

त्याच्या मागून खरी भिंगरी, तुटक, कंटाळलेली. आई, उघडू का गं डोळे?

पलीकडे कोणी हलत नाही. ती उभी आहे. थांबली आहे.

कळलं. देवा, कळलं. हॉर्न वाजला तिथेच तालीम तुटली होती. पुढचं त्यांना माहीत नाही. मी बोललेच नव्हते. म्हणून विचारताहेत. मी गप्प राहिले तर ते असेच थांबतील. दोरवाला येईपर्यंत. बोलायचं नाही. एक अक्षर नाही. फोन ठेवला तर कदाचित— नको. फळीवर ठेवलाय, चालू. भिंगरीचा श्वास ऐकू येतोय.

खाली दोरवाला दिसतोय. आलाच. किल्ली हातात आहे.

पुढचं फक्त माझ्या मनात होतं. एवढंसंच होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे मिटूनच सगळ्यांनी माझा हात धरायचा, आणि मी नेईन तिकडे माझ्या मागून—

ते उठले.

माझ्या तिघांनी तिचा हात— मी तर फक्त लिहि— पुटपुट— फोन चालू—